आंबोलीत सात हजार मिमी पाऊस पडतो, मग तिथे ८० मीटरची झाडं का नाहीत? (महाकाय झाडांचं मॉडेल करताना नेमकं काय चुकतं)

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही ब्राझीलमधल्या ॲमेझॉनचा विमानातून घेतलेला लायडार (लेझरने उंची मोजणारा) डेटा वापरून रँडम फॉरेस्ट (शेकडो निर्णय-झाडांची सरासरी घेणारी मशीन लर्निंगची पद्धत) मॉडेल केलंय, इनपुट म्हणून वार्षिक पाऊस, सरासरी तापमान आणि माती दिलीत, आर-स्क्वेअर (अंदाज खऱ्या आकड्यांशी किती जुळतो त्याचं माप, १ म्हणजे पूर्ण) ०.८ आलाय. पण दोन गोष्टी खटकतायत. एक, जिथे ८० मीटरच्या वरची झाडं प्रत्यक्ष सापडलीत तिथेही मॉडेल ५५ च्या वर जात नाही. दोन, गंमत म्हणून तेच मॉडेल आंबोलीवर चालवलंत तर तिथे ते ॲमेझॉनच्या सरासरीपेक्षा उंच जंगल दाखवतंय. आणि तुम्ही विचारताय की अजून कोणते व्हेरिएबल घालू.

मी गेली बरीच वर्षं हेच काम करतो, लायडारवरून जंगलाची उंची काढणं आणि ती हवामानाशी, जमिनीशी जोडणं. माझ्या मते व्हेरिएबल वाढवणं ही नंतरची गोष्ट आहे. तुम्ही मॉडेलला प्रश्नच वेगळा विचारलाय. "इथलं जंगल साधारण किती उंच असेल" असं तुम्ही विचारलंय, आणि उत्तर हवंय "इथे एखादं झाड राक्षसी उंच होऊ शकेल का" याचं. हे दोन प्रश्न सारखे वाटतात पण नाहीयेत. वनसंशोधक एरिक गोर्गेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली नेमकं हेच तपासलं, ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये विखुरलेल्या २,८२,७५० हेक्टर लायडार पट्ट्यांवर, आणि निष्कर्ष असा निघाला की जंगलाची नेहमीची उंची ज्या घटकांवर ठरते त्याहून महाकाय झाडं कुठे असतील ते ठरवणारे घटक मुळातच वेगळे आहेत. पाऊस आणि तापमानाइतकाच हात वाऱ्याचा आणि प्रकाशाचा निघाला. तुमच्या इनपुटमध्ये वारा नाहीच, प्रकाशही नाही.

मी हे स्वतःला असं समजावतो. झाड वाढण्यासाठी काय लागतं हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा, आणि माझ्या अनुभवात मोठा अर्धा, म्हणजे त्याला चारशे वर्षं कशाने मारलं नाही. जारी नदीच्या खोऱ्यात, पारा आणि आमापा राज्यांच्या सीमेजवळ, जे ८८.५ मीटरचं झाड आहे (डिनिझिया एक्सेल्सा, तिथले लोक अँजेलिम व्हर्मेल्हो म्हणतात) ते काही जगातल्या सगळ्यात सुपीक मातीत उभं नाहीये. गयाना शील्डचा (दक्षिण अमेरिकेच्या ईशान्येचा प्राचीन भूभाग) तो खडक प्रचंड जुना, माती धुऊन धुऊन निकस झालेली. उलट पश्चिमेकडे, अँडीजच्या पायथ्याशी, माती तरुण आणि पोषक, तिथे झाडं भराभर वाढतात, पण भराभर मरतातही. त्यामुळे वाढीचा वेग जास्त म्हणजे उंची जास्त असा हिशोब बसत नाही. जारीत झाडं हळू वाढतात, लाकूड जड, आणि मुख्य म्हणजे ती उभी राहतात.

आता आंबोली. हा भाग मी जरा सविस्तर लिहितो कारण तुमची चूक सगळ्यात स्वच्छ इथे दिसते.

आधी पाण्याचं गणित. झाड पाणी वर ढकलत नाही, पानं ते वर ओढतात, आणि खोडातल्या बारीक नळ्यांमध्ये पाण्याचा अखंड ताणलेला धागा असतो. दर दहा मीटर उंचीला नुसत्या गुरुत्वाकर्षणापायी साधारण एक वातावरण दाबाइतका ताण वाढतो. म्हणजे ८८ मीटरवरच्या पानाला जवळजवळ नऊ वातावरणांचा ताण माती पूर्ण ओली असतानाही सोसावा लागतो, नळ्यांमधलं घर्षण वेगळं. त्यात माती सुकली आणि वरची हवा कोरडी झाली की तो धागा तुटतो, नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी कामातून जाते. बुटक्या झाडाला जो उन्हाळा नुसता त्रासाचा असतो तो उंच झाडाला जीवघेणा ठरतो. कशिउआना इथे ॲमेझॉनमध्ये २००२ पासून एक हेक्टर जंगलाखाली प्लास्टिकची पत्रं लावून जवळपास निम्मा पाऊस जमिनीपर्यंत पोचूच दिला नव्हता, आणि त्यात जास्त करून मोठीच झाडं मेली, तीही अन्न संपून नाही तर पाण्याची वाहतूक बंद पडून.

म्हणून वर्षात किती पडला यापेक्षा किती महिने पडला नाही हे बघायचं. आम्ही यासाठी एक सोपा हिशोब करतो, संचित पाणीतूट म्हणा. उष्ण प्रदेशातलं घनदाट जंगल महिन्याला अंदाजे १०० मिमी पाणी हवेत सोडतं असं धरायचं, ज्या महिन्यात पाऊस त्याहून कमी त्या महिन्याची तूट मागच्या तुटीत मिळवत जायची, आणि वर्षातला सगळ्यात खोल आकडा घ्यायचा. आंबोलीत जून ते सप्टेंबर नुसता धबधबा, ऑक्टोबरमध्ये थोडाफार, आणि मग नोव्हेंबर ते मे सात महिने जवळपास काहीच नाही, मेच्या वळवाचे दोन-चार सरी सोडल्या तर. तूट पाचशे-सहाशे मिमीपर्यंत सहज जाते. जारीकडे वर्षाचा पाऊस दोन हजारांच्या जरा वर, म्हणजे आंबोलीच्या एक तृतीयांशसुद्धा नाही, पण कोरडे महिने तीन-चारच, त्यामुळे तूट आंबोलीच्या निम्म्याहूनही कमी. आणि बोर्निओतल्या सबाहमध्ये डॅनम व्हॅलीत वर्षाला साधारण २,८०० मिमी, तिथे नेहमीच्या वर्षी कोरडा म्हणावा असा महिनाच नसतो, तूट येते ती एल निन्योच्या वर्षी. जुलैत सड्यावरून (उघड्या कातळाच्या पठारावरून) वाहून गेलेलं पाणी झाडाला मार्चमध्ये उपयोगी पडत नाही हे तुमच्या मॉडेलला कळायला काही मार्गच नव्हता, तुम्ही त्याला बारा महिन्यांची एकच बेरीज दिलीत.

त्यात जांभ्याचा कातळ. सड्यावर वीतभर माती, मुळं जाणार कुठे. आणि पावसाळ्यात कड्यावर येणारा वारा. आंबोलीत पुढच्या वेळी जाल तेव्हा मुद्दाम बघा, कड्याच्या धारेला अंजनी-जांभूळ-पिसा यांचं जंगल डोक्यावर कातरल्यासारखं एकसारखं, बुटकं, आणि तिथून शे-दोनशे पावलं उतरून घळीत गेलात की तीच जांभळं सरळ खोडाची आणि जवळपास दुप्पट उंच. पाऊस तोच, तापमान तेच, तुमच्या ग्रिडमध्ये दोन्ही जागा एकाच पिक्सेलमध्ये. फरक मातीच्या खोलीचा, ओलाव्याचा आणि वाऱ्याच्या आडोशाचा. ही एवढीशी जागा मला दरवेळी पुस्तकापेक्षा जास्त शिकवून जाते.

शिवाय एक तांत्रिक गोष्ट: तुमच्या ट्रेनिंग डेटात सात हजार मिमीची एकही जागा नाहीये. रँडम फॉरेस्टला माहिती नसलेल्या टापूत नेलं की ते शेवटच्या ओळखीच्या पायरीचं उत्तर चिकटवतं आणि तुम्हाला इशारा काहीच देत नाही. तेव्हा आंबोलीचा नकाशा हा अंदाज नाहीच, तो बाजूला ठेवा. आणि झाडांच्या जाती वेगळ्या हेही आहेच. डिनिझिया पश्चिम घाटात नाही, बोर्निओतल्या उंच मेरांटीही नाहीत. हवामान जुळलं तरी तितकं उंच होण्याची क्षमता असलेली जातच नसेल तर झाड आणणार कुठून. एका खंडावर शिकलेलं मॉडेल दुसऱ्या खंडावर नेताना हे नेहमी आडवं येतं आणि याला सांख्यिकी उपाय नाही.

आता वारा, कारण ॲमेझॉनच्या आत तुम्हाला सगळ्यात जास्त फरक पाडेल तो हाच. डॅनम व्हॅलीतला पिवळा मेरांटी, 'मेनारा' नावाने ओळखला जातो, १००.८ मीटर. २०१८ मध्ये लायडारवर दिसला आणि जानेवारी २०१९ मध्ये एक स्थानिक गिर्यारोहक वर चढून टेप सोडून मोजून आला. मुळं सोडून वजन ८१.५ टन आणि त्यातलं ९५ टक्के नुसत्या खोडात, फांद्यांचा पसारा फक्त ५ टक्के. म्हणजे शंभर मीटरच्या काठीवर छोटीशी छत्री. असं झाड उघड्या माळावर टिकणार नाही, ते उभंय दरीच्या उतारावर, वाऱ्याच्या आडोशाला. उंची वाढली की नुसता वारा जास्त लागतो असं नाही, तरफही लांब होते, बुंध्यावर येणारा पीळ आणि वाक झपाट्याने वाढतो.

अडचण अशी की वाऱ्याचा डेटा म्हणून सगळे जण ईआरए५ (जगभरच्या हवामानाचा संगणकी डेटासंच) मधला दहा मीटर उंचीवरचा सरासरी वेग घेतात. मीही कित्येक दिवस घेत होतो. तो साधारण तीस किलोमीटरच्या चौकोनाचा आकडा आहे, आणि ॲमेझॉनमध्ये झाड पाडतो तो सरासरी वारा नाहीच. गडगडाटी ढगातून थंड हवेचा लोट अचानक खाली कोसळतो आणि दहा-वीस मिनिटांत कित्येक हेक्टर जंगल एका दिशेला झोपतं, लँडसॅट उपग्रहाच्या चित्रात ते पंख्यासारखे फिकट डाग दिसतात. त्यासाठी सरासरी वेगापेक्षा वातावरणातली संवहनाची ऊर्जा, केप म्हणतात ती, किती तास ठराविक पातळीच्या वर राहिली हे मोजा. ॲमेझॉनमधले असे मोठे पडझडीचे पट्टे केपशी चांगले जुळतात हे दाखवून झालेलं आहे. सरासरी वेग काढून टाकू नका, तो झाडाच्या रोजच्या सोसण्याचा अंदाज देतो, पण दोन्ही ठेवा.

वीज पण घ्या. पनामाच्या बारो कोलोराडो बेटावर वीज पडलेल्या जागा शोधून काढून त्या झाडांवर लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं की मोठ्या झाडांच्या मृत्यूंपैकी साधारण ४० टक्के विजेमुळे होतात आणि एका विजेत सरासरी पाचेक झाडं मरतात. आजूबाजूच्या छतापेक्षा वीस-तीस मीटर वर डोकं काढलेल्या झाडासाठी हे किती मोठं संकट आहे बघा. टीआरएमएम उपग्रहावरच्या सेन्सरने १९९८ पासून पुढे विजांची नोंद केलीय, त्याचा सरासरी नकाशा फुकट मिळतो. रिझोल्यूशन जाडंभरडं आहे पण ॲमेझॉनच्या पातळीला चालतं.

मॉडेल ५५ च्या वर का जात नाही याचं उत्तर मात्र व्हेरिएबलमध्ये नाहीये, पद्धतीत आहे. रँडम फॉरेस्ट प्रत्येक पानात (निर्णय-झाडाच्या शेवटच्या टोकाच्या गटात) पडलेल्या नमुन्यांची सरासरी देतं आणि मग शेकडो झाडांची (मॉडेलमधल्या) पुन्हा सरासरी. ८० मीटरचे नमुने तुमच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, ते शेजारच्या ४०-५० मध्ये विरघळून जातात. निदान क्वांटाइल रिग्रेशन फॉरेस्ट (सरासरीऐवजी वरच्या टोकाचाही अंदाज देणारा प्रकार) वापरा आणि ९५ वा, ९९ वा शतमक काढा. मला त्याहून जास्त आवडते ती पूर अभियंत्यांची रीत. धरणाचा सांडवा बांधताना ते सरासरी पाऊस बघत नाहीत, शंभर वर्षांतला एक पूर बघतात. तसंच प्रत्येक ठोकळ्यातलं (जंगलाच्या ठराविक तुकड्यातलं) कमाल मूल्य घ्यायचं, त्यावर कमाल मूल्यांचं वितरण बसवायचं, आणि त्या वितरणाचे पॅरामीटर हवामानावर अवलंबून ठेवायचे. उंचीला वरून एक छत आहे की शेपूट लांबतच जाते हेही त्यातून कळतं.

पण कमाल घेताना ठोकळ्याचं क्षेत्रफळ सगळीकडे सारखं ठेवा, हे विसरू नका. दहा हेक्टरातलं सर्वात उंच झाड आणि तीनशे हेक्टरातलं सर्वात उंच झाड यांची तुलना होत नाही, जास्त शोधलं की जास्त उंच सापडणारच. ब्राझीलचे पट्टे मुळात प्रत्येकी ३७५ हेक्टरचे (साडेबारा किलोमीटर बाय तीनशे मीटर), पण ढग, नदी, शेती वगळून उरलेलं क्षेत्र प्रत्येकात वेगळं असतं. उरलेल्या भागाचे एक-एक हेक्टरचे चौकोन पाडा आणि सगळीकडून सारख्याच संख्येने घ्या.

आणि ८० च्या वरचा प्रत्येक नमुना डोळ्यांनी बघा. प्रत्येक. तुमच्या दुसऱ्या कमेंटमध्ये जो ८३ मीटरचा नमुना तीव्र उतारावर आहे म्हणालात त्याची मला शंका येते. लायडारमध्ये उंची म्हणजे फांदीचा बिंदू वजा त्याच्या थेट खालची जमीन, बुंध्याजवळची जमीन नाही. ४५ अंशांच्या उतारावर झाडाची फांदी दरीच्या बाजूला दहा मीटर पुढे आली असेल तर तिच्याखालची जमीन बुंध्यापेक्षा दहा मीटर खाली असते, म्हणजे ७० चं झाड आरामात ८० दिसतं. मी एकदा अशाच एका उंचीवर आठवडाभर विश्वास ठेवला होता. मग त्या झाडातून दहा मीटर रुंदीची उभी चीर कापून बिंदूंचा ढग बाजूने बघितला, तर खोड उताराकडे झुकलेलं, शेंडा बुंध्याच्या बराच पुढे, आणि माझी उंची त्या शेंड्यापासून थेट ओढ्याच्या तळापर्यंत मोजलेली. तेव्हापासून चीर कापून बघितल्याशिवाय कुठलाही मोठा आकडा मी टेबलात घेत नाही. उपग्रहावरच्या जेडाय लायडारचा डेटा जोडायचा विचार असेल तर तिथे हा त्रास आणखी वाढतो, त्याचा ठसा २५ मीटर व्यासाचा, ३० अंश उतारावर एकट्या ठशातच जमीन चौदा मीटरने वरखाली होते.

आर-स्क्वेअर ०.८ बद्दल: तुम्ही नमुने रँडम वाटून टेस्ट केलंत असं दिसतं. एकाच पट्ट्यातले शेजारी-शेजारी चौकोन ट्रेनिंगमध्येही आणि टेस्टमध्येही गेले की मॉडेल ठिकाण पाठ करतं आणि आपल्याला वाटतं ते शिकलं. पूर्ण पट्टेच्या पट्टे, जमल्यास दोन-तीनशे किलोमीटरचे ब्लॉक, बाहेर ठेवून टेस्ट करा. आकडा बराच खाली येईल, माझाही दरवेळी येतो, तोच खरा समजा.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टीही आहेत, त्या लपवत नाही. उथळ भूजल असलेल्या भागात पाणीतुटीचा हिशोब फसतो, कारण मुळं थेट ओलीपर्यंत पोचलेली असतात, तिथे जवळच्या ओढ्यापासूनची उंची हे व्हेरिएबल पावसापेक्षा जास्त सांगून जातं. मातीचे नकाशे २५० मीटरचे दिसतात पण ॲमेझॉनमध्ये प्रत्यक्ष खोदलेले खड्डे फार विरळ, मधलं सगळं भरून काढलेलं, तेव्हा मातीचं महत्त्व कमी आलं म्हणजे माती बिनमहत्त्वाची असा अर्थ काढू नका. आणि सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे माणूस. अँजेलिम व्हर्मेल्हो हे बाजारात विकलं जाणारं इमारती लाकूड आहे. नदीकाठी, रस्त्याजवळ उंच झाड नसेल तर ते वाऱ्याने नाही, करवतीने गेलेलं असू शकतं, आणि मॉडेल ते हवामानाच्या खात्यावर टाकेल. रस्ता आणि नदीपासूनचं अंतर इनपुट म्हणून घाला, आणि नकाशा काढताना ते अंतर सगळीकडे दूरचं धरून काढा, म्हणजे "तोड झाली नसती तर" असा नकाशा मिळेल. हे मनापासून सांगतोय, कारण असे नकाशे पुढे कुठला भाग राखायचा ते ठरवताना वापरले जातात. ते ८८.५ मीटरचं झाड लायडारवर आधी दिसलं आणि माणसं त्याच्या ९.९ मीटर घेराच्या बुंध्याशी पोचली ती २०२२ च्या सप्टेंबरमध्ये, त्यानंतर २०२४ मध्ये पारा राज्याने तो भाग संरक्षित उद्यान म्हणून जाहीर केला. आपला नकाशा चुकला तर एखादं असं खोरं यादीतून सुटतं.

तर क्रम असा ठेवा: आधी ७० च्या वरचे सगळे नमुने चीर कापून तपासा, मग सारख्या क्षेत्राची कमाल मूल्यं, मग वार्षिक पावसाच्या जागी पाणीतूट, त्यासोबत केप, सरासरी वारा, वीज, ढगविरहित दिवस (प्रकाशासाठी) आणि ओढ्यापासूनची उंची, आणि टेस्ट ब्लॉक बाहेर ठेवून. तापमान राहू द्या, पण त्याहून मला वरच्या हवेचा कोरडेपणा उपयोगी वाटतो. एवढं करून जारीच्या खोऱ्यात मॉडेल ७५-८० दाखवायला लागलं आणि पश्चिमेकडच्या सुपीक पट्ट्यात दाखवलं नाही तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात. त्या ८३ मीटरच्या नमुन्याची बाजूने कापलेली चीर इथेच टाका, बुंधा आणि शेंडा दोन्ही दिसतील अशी, उताराच्या दिशेने कापलेली. मी बघून सांगतो.